तो आला की

वॉर्डचं दार त्याने ढकललं आणि आतलं गाणं थांबलं. हळूहळू विरलं नाही. एक शब्द अर्धा बाहेर आणि अर्धा तोंडातच असताना तुटलं. खिडकीजवळच्या खाटेभोवती सगळे उभे होते. ताई, भावोजी, आणि दर आठवड्याला आईबरोबर प्रार्थनेला बसणाऱ्या दोघी-तिघी जणी. ताईने हात जरासा वर केला होता, रस्त्यात पोरांना थांबवायला करतात तसा, आणि त्या हातासरशी सगळ्यांची तोंडं मिटली होती. मधोमध आई, उशांना टेकून बसलेली. तिने मिटलेले डोळे उघडले, त्याला बघितलं आणि हसली. "ये," ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज आता खरवडून काढल्यासारखा येई, पण गाताना तो अजून कुठून तरी जुना, सरळ, भरलेला निघत होता. दाराबाहेर उभं राहून त्याने तो दोन ओळींपुरता ऐकला होता. तिसरी नीट ऐकू यावी म्हणून त्याने दार ढकललं आणि हावरटपणाची शिक्षा जागच्या जागी मिळाली. "बस, बस, आमचं झालंच होतं," भावोजी स्टूल पुढे सरकवत म्हणाले. झालं नव्हतं. त्या गाण्याला चार कडवी आहेत आणि ही मंडळी दुसऱ्याच्या मध्यावर होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उद्या सकाळी आईचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ काढायची, आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं होतं: इथे भोक राहील, त्यातून श्वास, जिवाला आता तसा धोका नाही, पण आवाज मात्र जाईल. 'जाईल' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला होता की कुणी बसने जाणार आहे असं वाटावं. "माणूस राहतंय ना, मग झालं," असं भावोजी म्हणाले होते आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: आज रात्रीपर्यंत तो आवाज आहे आणि उद्यापासून नाही. एवढ्या वेळात आपल्याला ते गाणं एकदा, तिच्या तोंडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचंय. मागणी फार मोठी नव्हती. पण तो आत शिरला की गाणं थांबायचं आणि बाहेर राहिला तर नीट ऐकू यायचं नाही, अशी ही गत. आलेल्या बायका आता चपला शोधू लागल्या. त्यातली एक जाताजाता प्रेमाने त्याच्या दंडाला हात लावून म्हणाली, "आम्ही तुमच्यासाठीसुद्धा मागतो हो. तुम्ही काही मनात आणू नका." त्याने मनात काही आणलं नाही. तो "थँक्यू" म्हणाला आणि आपल्या तोंडून ते किती कोरडं आलं याची त्यालाच लाज वाटली.

हे थांबणं आजचं नव्हतं. साखर झालेल्या माणसासमोर घरातले जसे गोडाचा डबा झाकून ठेवतात, तशी त्याच्या घरात त्याच्यासमोर प्रार्थना झाकून ठेवायची रीत पडली होती. कुणी भांडून पाडली नव्हती. मायेनेच पडली होती. तो आला की ताई सूर आवरता घ्यायची, भावोजी गडबडीने हवापाण्याचं विचारायचे. सगळ्या नातेवाइकांचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्याच सगळ्यांचा, फक्त त्याला वगळून, आणखी एक. "तुला उगाच त्रास नको," असं ताईने एकदा सांगून टाकलं होतं. मावसबहिणीच्या बाळाचं नाव ठेवलं ते त्याला चार दिवसांनी कळलं, भावोजींच्या हृदयाचं दुखणं महिन्याने. कारण कुटुंबातल्या सगळ्या बऱ्यावाईट बातम्या आधी प्रार्थनेसाठी म्हणून त्या दुसऱ्या ग्रुपवर पडायच्या, आणि मग सगळ्यांना वाटायचं की कळवलंय. मला त्रास होतो असं तो कधीच म्हणाला नव्हता. पण होत नाही, असंही म्हणाला नव्हता. इतकी वर्षं तोही मूग गिळून गप्पच बसला होता, मग आता तक्रार कुणाकडे करायची!

त्याचं देवाला मानणं सुटलं ते मिसरूड फुटायच्या वयात, आणि ते कसं सुटलं हे त्याला कुणाला नीट सांगताच आलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. दुधाचा दात पडावा तसं. आधी हलत होतं, मग जीभ लावून बघावं तर जागा रिकामी. एका जेवणाच्या वेळी त्याने ते सांगून टाकलं. वडील बसच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांनी घास चावून संपवला आणि म्हणाले, "बरं. मीठ दे." आईने मात्र हातातली पळी खाली ठेवली. "काय झालं? कुणी काही बोललं का तुला?" त्या दिवसापासून सगळे तेच विचारत आले. काय झालं? जणू काही झाल्याशिवाय असं होतच नाही. कुणी म्हणालं परीक्षेत नापास झाला म्हणून रुसलाय देवावर. तो नापास कधी झालाच नव्हता. कुणी म्हणालं वडील गेले त्याचा राग. वडील गेले त्याच्या वीस वर्षं आधी हे झालं होतं. ज्याच्यावर रुसायचं तो समोर असावा तरी लागतो, एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. त्यांना तो एक तर जखमी हवा होता, नाही तर गर्विष्ठ. बोलताबोलता त्याच्या तोंडून चुकून "देव जाणे" निघालं की टाळ्या पिटत म्हणायचे, "आलाच ना शेवटी तोंडात!" तोही हसायचा. भाषा काय माणूस नवी आणतो का स्वतःसाठी? ती आईकडून मिळते तशी वापरायची.

आणि त्या गाण्याची गोष्ट तर याहून जुनी. आई शाळांचे गणवेश शिवायची. शिवणयंत्राच्या खाली, तिच्या पायांशी, चिंध्यांच्या ढिगात तो बसलेला असायचा, आणि वर, पायाने हलवायच्या पायट्याच्या तालावर ती ते गाणं म्हणत असायची. शिवण सरळ असली की सूर लांबायचा, कोपरा आला की आई थांबायची, कापड वळवायची आणि अर्ध्यावर सोडलेला शब्द पुन्हा उचलायची. त्यामुळे ते गाणं त्याच्या कानांत बाह्यांच्या आणि खिशांच्या मापाने तुकडे पडूनच बसलं होतं. दुसरीकडे कुणी ते एका दमात म्हटलं की त्याला चुकीचं वाटे. त्यातल्या शब्दांचा अर्थ कळायच्या आधी त्याला त्यांची ऊब कळली होती, गणवेशाच्या नव्या कापडाचा वास, यंत्राच्या तेलाचा वास, तिच्या पोटरीचा टेकू. पुढे अर्थ कळला, आणि तो पटला नाही. ऊब मात्र गेली नाही. हे कुणाला सांगणार? मानणाऱ्यांना सांगावं तर ते म्हणतील, बघ, तुझ्या आत आहेच तो. न मानणाऱ्या मित्रांना सांगावं तर ते म्हणतील, अजून सुटलं नाही का तुझं. दोन्हीकडचे शहाणे, मधल्यामध्ये याचं भरीत.

तो लिफ्ट तपासायचा. सरकारी तपासनीस. इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत जायचं, दोर पुसून एकेक तार बोटाने चाचपायची, ब्रेक बघायचा, खाली खड्ड्यात उतरायचं, दाराची कडी बसते का ते बघायचं, आणि मग सही. एका व्यवस्थापकाने त्याला गच्चीवर चहा पाजत विचारलं होतं, "साहेब, तुम्ही तर मानत नाही म्हणे. वर जाब विचारणारा कुणी नाही. मग एका सहीने तुमचं काय जातंय?" त्या दोराच्या तारा जागोजागी तुटल्या होत्या, हाताला टोचत होत्या. तो चहाचा कप ठेवून म्हणाला होता, "वर कुणी नाही म्हणूनच. दोर तुटला तर आतल्या माणसाला धरणारं दुसरं कुणी नाही." लिफ्टला सील ठोकून तो जिन्याने उतरला. त्या व्यवस्थापकाला ते उत्तर म्हणजे आगाऊपणा वाटला असेल. त्याला स्वतःला ते बोलताना भीती वाटली होती, हे कोणाला कळणार. न मानणाऱ्याला कसलीच भीती नसते असं लोक धरून चालतात. उलट त्याला दिवसभर भीती वाटायची, प्रत्येक दोराची, प्रत्येक कडीची, अनोळखी माणसांनी भरलेल्या प्रत्येक पेटीची.

वडील गेले तेव्हा सभागृहात प्रार्थना होती. कुणी त्याला बस म्हटलं नाही, कुणी नको असंही म्हटलं नाही. म्हणून मग तो खुर्च्या मांडत राहिला, माणसांना पाणी देत राहिला, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत पोचवत राहिला. दाराशी दोघं बोलत होते. "मुलाचं बरंय. त्याचा कशावर विश्वासच नाही, त्याला सोपं जात असेल." सोपं! आत बसलेल्यांसाठी वडील कुठेतरी गेले होते. लांब असेल, पण कुठेतरी. त्याच्यासाठी ते गेले होते, बस. महिनाभर तो त्यांचं कामावरचं जाकीट कपाटातून काढायचा, ग्रीसचा वास घ्यायचा, परत ठेवायचा. मग एक दिवस वास संपला. त्या दिवशी तो कपाटाच्या दारामागे तोंड घालून रडला, आणि बायकोने विचारलं तेव्हा पाठ धरलीय म्हणाला. माणूस परत भेटणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्यालाच कसं सोपं जाईल? हिशेब सरळ उलटा आहे. पण दुःखावर आपला हक्क सांगायला तो कधी कुणाच्या तोंडाला लागला नाही.

बायका गेल्यावर ताईने त्याला वॉर्डबाहेर बोलावलं. फिनाइलच्या वासात, भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या स्ट्रेचरजवळ ती उभी राहिली. "आज मी थांबते तिच्याजवळ. तू घरी जा, झोप."

"मला थांबू दे ना आज."

"अरे, आजची गोष्ट वेगळी आहे. ती घाबरलीय. दाखवत नाही, पण हात बघ तिचे. तिला धीर द्यायला कुणीतरी पाहिजे." मग, लागेल असं बोलायची इच्छा नसतानाही, ती बोललीच. "तू काय सांगणार तिला? पुढे काही नाही, वर कुणी नाही, हेच ना?"

"मी असं कधी बोललोय तिला?"

"नाही बोललास. पण मग तू मानतोस तरी काय रे? सांग ना एकदाचं. मी तुझी बहीण असून मला माहीत नाही."

त्याला खरंच सांगायचं होतं. शब्द जुळवावेत तर ते एक तर भाषण होत होतं, नाही तर पोरकट. आई आहे हे मानतो. उद्या तिचा आवाज नसेल हे मानतो. तू दमली आहेस हे मानतो. तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातून कुणाची तरी ढकलगाडी आली, दोघं भिंतीला चिकटली, आणि गाडी गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "ताई, मला तिचं गाणं ऐकायचंय. आजच्या आज."

ताईचे डोळे भरून आले. "म्हणजे प्रार्थना? तू? मी म्हणतच होते यांना, वेळ आली की हा येईल—"

"तसं नाही गं," तो म्हणाला. पण तिने ऐकलं नाही. तिने त्याच्या गालाला हात लावला, डोळे पुसले, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला भावोजींना घेऊन खाली गेली. जाताना वळून पुन्हा एकदा हसली. असं ती कित्येक वर्षांत त्याच्याकडे बघून हसली नव्हती. ते हसू आपलं नव्हे, कुणा दुसऱ्याचं आहे आणि चुकून आपल्या पत्त्यावर आलंय, असं त्याला वाटलं.

तो स्टूल ओढून आईजवळ बसला. खिडकीबाहेर अजून उजेड होता. समोरच्या इमारतीवर कुणीतरी वाळत घातलेली चादर गोळा करत होतं. आईचे हात पांघरुणावर होते आणि ताई म्हणाली होती ते खरं होतं, बोटं एकसारखी कापडाची कड चाचपत होती, शिवण तपासल्यासारखी. "आई," तो म्हणाला, "मघाशी म्हणत होतीस ते म्हण ना."

आईची बोटं थांबली. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. "आलास?" तिने त्याचं मनगट धरलं. "आलास ना शेवटी? मला वाटलंच होतं. मी इतकं मागितलंय रे."

मान हलवायला काय जात होतं? एवढीशी मान, वरखाली. ती रात्र आनंदात काढेल, उद्या न घाबरता आत जाईल, आणि त्याला त्याचं गाणं मिळेल. ज्याच्यावर नजर ठेवणारा कुणी नाही त्याला खोटं बोलायला अवघड ते काय? सगळ्या जगाचं त्याच्याबद्दल हेच मत होतं. त्याने प्रयत्न करून बघितला. पण समोर तीच बसली होती. फसवायचं होतं तिलाच, आणि फसवणूक बघायची होती तीही त्यालाच एकट्याला, आयुष्यभर. "नाही, आई," तो म्हणाला. "मी होतो तिथेच आहे. पण मला ऐकायचंय."

तिने मनगट सोडलं नाही, पण पकड सैल झाली. "मग कशाला?"

"तुझा आवाज आहे म्हणून. उद्या..."

ती दर दोन शब्दांना थांबत, श्वास गोळा करत बोलली. "नाही रे. ते असं ऐकवायचं नसतं. ते ज्याच्याशी बोलायचं, त्याच्यासाठी आहे. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं तर ते त्याच्याशी खोटं. आणि तुझ्याशीही." त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की आपला हा आडमुठेपणा आपण कुठून आणला. खाण तशी माती. भांडायला जागाच उरली नाही. तिच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. तरी इतकी वर्षं साठलेलं बाहेर पडलंच. "मी आलो की थांबता तुम्ही सगळे. मला कधीच त्रास होत नव्हता गं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो."

"त्रास?" आईने कपाळाला आठ्या घातल्या. "ते ताईचं. तिला वाटतं तुला राग येतो. मी त्यासाठी नाही थांबत." ती खोकली. त्याने पाण्याचा घोट दिला, तिने तो जपून, दुखत दुखत गिळला. "डोळे मिटले की आम्ही सगळे एका ठिकाणी असतो. आणि तू आलास की मला दिसायचं, तू त्या जागेच्या बाहेर आहेस. एकटा. मग मी तिकडे कशी राहू? म्हणून यायची परत."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. लोक आपल्याबद्दल काय काय धरून चालतात याचा त्याला आयुष्यभर सल होता, आणि तो स्वतः हे धरून चालला होता की आपल्या तोंडावर दार लागतं. दार लागत नव्हतं. आई दरवेळी आपलं गाणं, आपला देव, आपली माणसं अर्ध्यावर टाकून, त्याच्यासाठी त्या दारातून बाहेर येत होती. हे त्याला आज कळत होतं. आता याचं काय करायचं?

"एकच वाटतं," आई म्हणाली. "मी जाईन तिथे तू येणार नाहीस. तू मानत नाहीस, पण मी तर मानते ना. मग मला तिथे तुझ्याशिवाय राहायचं आलं."

त्याने तिचं पांघरूण सारखं केलं. "मग इथेच भेटून घेऊ, आई," तो म्हणाला. "पोटभर." आई हसली. हसताना तिला खोकला आला, आणि खोकताना दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. ते कशाचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

खोकला शमल्यावर तिने त्याला हाताने ढकललं. "ऊठ. जरा लांब जा बघू. तिकडे, कपाटापाशी." काही न समजून तो उठला, खाटांच्या मधून चालत वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, चादरींच्या कपाटाजवळ जाऊन उभा राहिला. आईने उशीवरून मान उचलली. एवढासा श्वास, पण तो तिने नीट, पोटातून भरून घेतला.

"भुंग्याऽऽ!"

यंत्राखाली बसून तिच्या गाण्यामागे गुणगुणत राहायचा म्हणून तिने ठेवलेलं नाव. गल्लीतून खेळता खेळता अंधार पडायला आला की याच नावाने वरच्या खिडकीतून हाक यायची. लग्न झालं, मुलगी झाली, साहेब झाला, तसं ते नाव तिनेच मागे ठेवलं होतं. हल्ली ती नुसतं 'अरे' म्हणायची. आवाज चिरका आला, मध्येच फाटला, तरी शेवटचा सूर लांबवायची ढब तीच होती, खिडकीतली. वॉर्डभर माना वळल्या.

"ओऽ!" तो म्हणाला.

शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. "अहो आजी, कुणाला बोलावताय? तो काय, समोरच तर उभाय. आणि डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलंय ना तुम्हाला?" टेबलापाशी बसलेली नर्सही उठली होती, पण दोन पावलं येऊन, का कोण जाणे, तिथेच थांबली.

"भुंग्याऽ!" या खेपेला नाव अर्धंच ऐकू आलं, बाकीचा नुसता वारा.

"ओ, आई!"

आईने पुन्हा छाती भरून घेतली. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, आधी मिटून उघडले, मग लांब झाले, जसे त्या नावाला व्हायला हवेत तसे. आवाज काही आला नाही. तिने आपल्या गळ्याला हात लावला आणि घाबरून त्याच्याकडे बघितलं.

"ओ," तो म्हणाला, आणि खाटांच्या मधून तिच्याकडे धावत सुटला. "ओ, आलो."